जावास्क्रिप्ट–जावा प्रकार-रूपांतर

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या आज्ञावलीतून जावा भाषेतील मेथड कॉल करताना मूल्यांचा डेटा प्रकार बदलण्याच्या प्रक्रियेस जावास्क्रिप्ट–जावा प्रकार-रूपांतर म्हणतात. जावामध्ये प्रत्येक पॅरामीटरचा प्रकार आधीच घोषित केलेला असतो. जावास्क्रिप्टमध्ये तो चालू मूल्यावरून ठरतो. नावांत साम्य असले तरी या दोन स्वतंत्र भाषा आहेत.

इतिहास

नेटस्केप नॅव्हिगेटर ३.० (१९९६) मधील लाइव्हकनेक्ट तंत्रज्ञानाने दोन्ही भाषांमधील संवाद शक्य केला. पुढे जावा ६ सोबत राइनो आणि जावा ८ (२०१४) सोबत नॅसहॉर्न हे इंजिन आले. नॅसहॉर्न जावा १५ (२०२०) मधून वगळण्यात आले.

संख्या

जावास्क्रिप्टची सर्वसाधारण संख्या ६४ बिटांची फ्लोटिंग-पॉइंट संख्या असते. जावा मेथडला पूर्णांक हवा असल्यास अपूर्णांकाचा भाग गाळला जातो, ३.९ चे ३ होतात. ही संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचेच सर्व पूर्णांक अचूक साठवते. जावाच्या 'लाँग' प्रकाराची मर्यादा याहून बरीच मोठी आहे. त्यामुळे लांबलचक क्रमांकांचे शेवटचे अंक बदलू शकतात. असे क्रमांक स्ट्रिंग म्हणून पाठवणे सुरक्षित असते.

मेथडची निवड

जावामध्ये एकाच नावाच्या अनेक मेथड असू शकतात. त्यांतील कोणती कॉल करायची, हे इंजिन मूल्याच्या प्रकारावरून ठरवते. उदाहरणार्थ, जावाच्या यादीतील 'रिमूव्ह' मेथडचे एक रूप स्थानक्रमांक घेते, तर दुसरे प्रत्यक्ष घटक. ५ ही संख्या दिल्यास ५ हा घटक निघण्याऐवजी त्या स्थानावरील घटक निघू शकतो आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. राइनो व नॅसहॉर्नमध्ये पॅरामीटरच्या प्रकारासह मेथडचे नाव चौकटी कंसात लिहून हवे ते रूप निवडता येते.

देवनागरी अंक

ठाण्याचा '४००६०१' हा पिन कोड देवनागरी अंकांतील स्ट्रिंग म्हणून दिल्यास जावाची 'पार्सइंट' मेथड त्याचा योग्य पूर्णांक करते, कारण ती युनिकोडमधील इतर लिप्यांचे दशमान अंकही ओळखते. जावास्क्रिप्टचे स्वतःचे रूपांतर मात्र केवळ ० ते ९ चे आंतरराष्ट्रीय अंकरूप जाणते आणि 'संख्या नव्हे' असे मूल्य देते. म्हणून मराठी मजकूर हाताळताना मूळ स्ट्रिंग तशीच जावाकडे सोपवून तेथे रूपांतर करणे योग्य ठरते.