नापासाची चिठ्ठी

तंजावरच्या हवाई दलाच्या तळावर किंवा तेथील केंद्रीय अन्नप्रक्रिया संस्थेत बदली होऊन जाणाऱ्या मराठी अधिकाऱ्याबरोबर त्याची 'एमएच' क्रमांकाची मोटारही जाते. यथावकाश प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत संपत येते आणि एके दिवशी तपासणी केंद्रावरचे यंत्र गाडीला नापास ठरवते. अशा वेळी दोन मार्ग उरतात. वरकड पैसे मोजून दुसऱ्या केंद्रावरून कागद मिळवायचा, हा पहिला. दुसरा मार्ग नियमाने दिलेला आहे. पण तो फार थोड्यांना ठाऊक असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मध्ये दुरुस्ती केली. प्रमाणपत्राचा नमुना देशभर एकच झाला आणि त्याची नोंद राष्ट्रीय वाहन नोंदणीशी जोडली गेली. त्यामुळे महाराष्ट्रात नोंदलेल्या गाडीची तपासणी तंजावरच्या अधिकृत केंद्रावरही होते. त्यासाठी पुण्याला किंवा नागपूरला जावे लागत नाही. याच दुरुस्तीने नापास गाडीच्या मालकाला, मोजलेले आकडे नमूद केलेली नकारचिठ्ठी देण्याची तरतूद प्रथमच आणली. ही चिठ्ठी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, पण दुरुस्तीचा आधार आहे. ती मागून घ्यावी आणि कार्यशाळेत दाखवावी.

चिठ्ठीतील आकडे बोलके असतात. भारत स्टेज चारच्या पेट्रोल मोटारीसाठी इंजिन संथ चालू असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. कार्बन मोनॉक्साइड वाढला असेल तर मिश्रणात इंधन जास्त आणि हवा कमी आहे, असे समजावे. एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर क्रमाने तपासावेत. हायड्रोकार्बन वाढला असेल तर इंधन न जळताच बाहेर पडत आहे. स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल आधी पाहावीत. दोन्ही आकडे चढे असतील तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी झाला असण्याची शक्यता असते. डिझेल गाडीच्या काळ्या धुराचे मूळ बहुधा एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा ईजीआर व्हॉल्व्हमध्ये सापडते. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. म्हणून पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून मगच ती तपासणीला न्यावी. तपासणी मुदतीच्या पंधरा दिवस आधी केली तर दुरुस्तीला आणि फेरतपासणीला वेळ मिळतो.

बदलीवर आलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७नुसार बारा महिन्यांहून अधिक काळ परराज्यात राहणाऱ्या गाडीला तेथील नोंदणी घ्यावी लागते. वारंवार बदल्या होणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी २०२१मध्ये सुरू झालेली 'बीएच' मालिका हा त्यावरील उपाय आहे. प्रदूषण प्रमाणपत्राचे बंधन मात्र तिलाही आहे.

येथवर हा नागरिकाच्या कर्तव्याचा भाग झाला. आता शासनाचा. २०१९च्या दुरुस्ती कायद्याने कलम १९०(२)खालील शिक्षा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी वाढवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये विम्याचे नूतनीकरणही या प्रमाणपत्राशी जोडले होते. ती अट २०२४मध्ये न्यायालयानेच मागे घेतली. दोन्ही उपायांचा रोख कागदावर होता. गाडी खरोखर दुरुस्त झाली का, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

त्याचा परिणाम राजधानीत दिसला. एप्रिल २०२५मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार २०१५ ते २०२० या काळात सुमारे १ लाख ८ हजार वाहनांना मर्यादेपेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोकार्बन सोडत असूनही प्रमाणपत्रे मिळाली होती. म्हणजे यंत्राने नापास केले आणि कागदाने पास केले! तपासणी केंद्राचे उत्पन्न गाडीवाल्याच्या समाधानावर अवलंबून असेल, तर 'नापास' म्हणणारे केंद्र ग्राहक गमावते. दंड दहापट केल्याने हे गणित बदलत नाही. उलट खोट्या कागदाची किंमत वाढते. नकारचिठ्ठ्यांचे प्रमाण केंद्रनिहाय जाहीर करणे, ज्या केंद्रात कोणतीच गाडी नापास होत नाही त्याची आधी चौकशी करणे आणि फेरतपासणी स्वस्त ठेवणे, हे उपाय दंडापेक्षा कमी खर्चाचे आणि अधिक परिणामकारक ठरतील.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८–१८३२) काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, जपलेली आहेत. रोग जसा दिसला तसा त्या मराठी दरबाराने नोंदवून ठेवला. नकारचिठ्ठी हेही असेच एक टिपण आहे. ती लपवणारा नागरिक आणि ती देण्याचे टाळणारे केंद्र, दोघेही रोग कायम ठेवून केवळ कागद बरा करतात. त्या गाडीचा धूर मात्र ज्याच्या त्याच्या फुप्फुसात जातच राहतो.