एका हंड्यात चारचाकी



आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, बायकांच्या कार्यक्रमात गाडी धुण्याचं काय काम? काम आहे. दारात आता नुसती सायकल नसते. कुणाची दुधाची गाडी आहे, कुणाचा भाजीचा टेम्पो, कुणाच्या घरी वडापची जीप, कुणाच्या लेकानं कर्ज काढून घेतलेली कार. गाडी धुतो घरातला पुरुष, हे खरं. पण ती ज्या पाण्यानं धुतली जाते ते पाणी घरात कोण आणतं, कोण भरतं आणि संपलं की बोलणी कोण खातं, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून आधी हिशोब करू. पाइपाखाली पंधरा लिटरची बादली धरा आणि घड्याळ बघा. बऱ्यापैकी दाब असला तर ती मिनिटाभरात भरते. गाडी धुताना पाइप दहा मिनिटं सुरू राहिला तर दीडशे लिटर गेले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर दहा हंडे. दहा वेळा वाकायचं, दहा वेळा उचलायचं, एवढं ते पाणी. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या एका माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे एक गाडी धुण्यात जवळजवळ तीन माणसांचं दिवसभराचं पाणी वाहून जातं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा डबे होते आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. एवढ्या पाण्यात पाइपनं तीन हजार तीनशेच्या आसपास गाड्या धुऊन झाल्या असत्या आणि टाक्या रिकाम्या. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये टंचाई आली, तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. एवढ्या मोठ्या शहराला जे करावं लागलं, ते आपण टँकर यायच्या आधीच केलेलं बरं.

आता गाडी घाण ठेवा असं आम्ही म्हणत नाही. धूळ, चिखल, खताचे कण अंगावर राहिले की पत्रा गंजतो. दुधाची आणि भाजीची गाडी तर स्वच्छच हवी. फक्त तिला दहा हंडे लागत नाहीत. एक हंडा पुरतो. कसा, ते सांगतो.

धूळ कोरडी पुसू नका

गाडीचा रंग म्हणजे एकावर एक दिलेले पातळ थर असतात. खाली अस्तर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. हा वरचा थर आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. आपल्याकडच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते या थरापेक्षा कडक असतात. सकाळी उठून कोरड्या फडक्यानं गाडी झटकली, की ते कण रंगावरून घासत जातात. उन्हात गाडी बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. ते त्या फडक्याचं काम. म्हणून पहिला नियम हा, की धूळ आधी भिजवायची आणि मग उचलायची. रगडायची नाही.

सामान काय लागेल

दोन छोट्या बादल्या. हातानं दाब द्यायचा दोन लिटरचा फवारा. मऊ लव असलेली, ज्यांना मायक्रोफायबर म्हणतात, ती दहा-बारा फडकी. टायरसाठी एक ब्रश. आणि गाडीचा शाम्पू.

फडक्यांबद्दल दोन शब्द. जुनी सुती साडी मऊ असते, पण तिला लव नसते. कण तिच्या वरच राहतात आणि रंगावर घासतात. मायक्रोफायबरच्या लवेत कण आत शिरून बसतात.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण वापरू नका. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो. तेलकट डाग काढायला तो चांगला, पण गाडीवरचं मेणही तो काढून नेतो आणि रंग निस्तेज होत जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेतातला औषध फवारायचा पंप यासाठी घेऊ नका. कितीही धुतला तरी त्यात तणनाशकाचा, कीटकनाशकाचा अंश राहतो. तो आपल्या हाताला, नाकातोंडाला लागतो. या कामाचा फवारा वेगळा ठेवा आणि त्यावर तसं लिहून ठेवा.

पाण्याची वाटणी

पंधरा लिटरचा एक हंडा घ्या. त्यातलं तीन-चार लिटर फवाऱ्यासाठी बाजूला ठेवा. चार लिटर पहिल्या बादलीत घेऊन त्यात छोटा चमचाभर शाम्पू टाका. बाटलीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर ते पाळा. जास्त शाम्पू म्हणजे जास्त स्वच्छता असं होत नाही, उलट फेस काढायलाच पाणी जातं. चार लिटर साधं पाणी दुसऱ्या बादलीत. उरलेलं काचांसाठी आणि अडीअडचणीला.

गाडी सावलीत उभी करा. वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. पत्र्याला हात लावून बघा, गरम लागला तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर पाणी लगेच सुकतं आणि त्यातले क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात मागे राहतात. बोअरच्या पाण्याला हा त्रास जास्त.

धुण्याची रीत

शाम्पूच्या बादलीत सहा-सात फडकी भिजत घाला. पूर्ण गाडी एकदम ओली करायची नाही. एक एक भाग घ्यायचा. आधी टप, मग काचा, मग बॉनेट, मग दारांचा वरचा भाग, मग डिकी आणि शेवटी दारांचा खालचा भाग. सगळ्यात जास्त घाण खाली असते, म्हणून वरून खाली यायचं. चाकं अगदी शेवटी.

त्या भागावर फवारा मारा आणि मिनिटभर थांबा, धूळ मऊ होऊ द्या. भिजलेलं फडकं हलकं पिळून घ्या. त्याची घडी घाला, पुन्हा एकदा घडी घाला. आता त्याच्या दोन्ही बाजू मिळून आठ पाट होतात. एका पाटानं सरळ रेषेत, हलक्या हातानं एकदा पुसा. मग घडी उलटा आणि नवीन पाट घ्या. आठही पाट झाले की ते फडकं बाजूच्या टोपलीत. ते परत शाम्पूच्या बादलीत बुडवायचं नाही, नाहीतर सगळी वाळू बादलीत उतरते आणि पुढच्या फडक्याला लागते. सारी मेख इथेच आहे.

मग दुसऱ्या बादलीतल्या साध्या पाण्यात पिळलेलं फडकं त्याच भागावरून फिरवा, म्हणजे साबण निघेल. लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. साबण अंगावर वाळू द्यायचा नाही. तो भाग झाला की पुढचा.

पक्ष्याची घाण किंवा झाडाचा चीक पडला असेल तर खरवडू नका. ओलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झालं की उचला. पक्ष्याची घाण उन्हात तशीच राहिली तर रंगाला कायमचा डाग पडतो, तेव्हा ती दिसली की त्याच दिवशी काढा.

चाकांसाठी नवं पाणी काढू नका. दोन्ही बादल्यांत उरलेलं पाणी तिथे चालतं. कपडे खंगाळलेलं पाणीसुद्धा टायरला आणि पायपुसण्यांना चालतं. पाण्याच्या फिल्टरमधून जे वाया जाणारं पाणी येतं त्यात क्षार जास्त असतात, म्हणून तेही चाकांनाच, रंगाला नाही. याउलट पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर ते शेवटच्या पुसण्यासाठी राखून ठेवा. त्यात क्षार अगदी कमी, ठिपके पडत नाहीत.

वापरलेली फडकी धुवायला वेगळं अर्धी बादली पाणी धरा. तेवढा खर्च मान्य करायलाच हवा. ती फडकी सुती कपड्यांत मिसळू नका, तंतू चिकटतात. सावलीत वाळवा.

चिखल असेल तर

शेतातून आलेल्या गाडीला चिखलाचे थर असतील तर ही रीत लगेच लावू नका. चाकांच्या वरच्या कमानीतला वाळलेला चिखल आधी काडीनं, ब्रशनं पाडा. पत्र्यावरचा चिखल फवाऱ्यानं दोन-तीनदा भिजवून आपोआप ओघळू द्या. यात अजून अर्धा हंडा जाईल. पत्र्यावर कण दिसेनासे झाले की मगच फडकं लावा. खताची पोती वाहिली असतील तर हौद्याचे कोपरे त्याच दिवशी पुसून घ्या. खत ओल धरतं आणि पत्रा खातं.

दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात. आत शिरलेलं पाणी निघून जायला ती ठेवलेली असतात. मातीनं ती बुजली की पाणी दारात साचतं आणि दार आतून गंजतं. महिन्यातून एकदा काडी फिरवा.

आतली सफाई

आत पाणी ओतायचं नाही. सीटखाली वायरी असतात. पायपुसणी बाहेर काढून झटका, सीटच्या फटी ब्रशनं मोकळ्या करा. पुढचा फळा ओलसर फडक्यानं पुसा. त्यावर खोबरेल तेल लावायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडा. तेलावर धूळ चिकटते आणि उन्हात ती चमक समोरच्या काचेत दिसते, चालवणाऱ्याचे डोळे दिपतात. सीटवर डाग असेल तर शाम्पूचा नुसता फेस घेऊन ब्रशनं घासा, ओल्या फडक्यानं टिपा आणि दारं उघडी ठेवून वाळवा. ओल राहिली की कुबट वास येतो.

टायर काळे दिसावेत म्हणून डिझेल किंवा जळकं ऑइल लावतात, तेही नको. खनिज तेलानं रबर खराब होतं.

लग्नसराईची गाडी

दसऱ्याला गाडी धुऊन हार घालतो, तेव्हा पावसाळा नुकताच सरलेला असतो, पाण्याची तंगी नसते. लग्नं मात्र एप्रिल-मे महिन्यांत, विहिरी तळाला गेल्यावर. तेव्हाच नवरदेवाची गाडी चकचकीत हवी असते. फुलं चिकटपट्टीनं लावली असतील तर ती रात्रीच काढा. उन्हात एक दिवस राहिली की डिंक घट्ट बसतो. बसलाच तर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावून थोडा वेळ थांबा, सुटतो. मग शाम्पूच्या फडक्यानं तेल पुसून घ्या. बॉनेटवरचं हळदीकुंकूही त्याच दिवशी ओल्या फडक्यानं काढा.

दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडीला मेणाचा हात दिला तर पुढचं काम हलकं होतं. धुतलेल्या, थंड पत्र्यावर रुपयाएवढं मेण घेऊन पातळ पसरायचं आणि धुरकट दिसलं की कोरड्या फडक्यानं पुसायचं. मग धूळ घट्ट बसत नाही, फवाऱ्यालाच सुटते.

गटासाठी एक विचार

शेजारच्या शहरात इमारतींच्या आवारात गाड्या रांगेनं उभ्या असतात आणि तिथेही पाण्याची ओरड असते. एका हंड्यात गाडी धुऊन देणं हे विकण्याजोगं कौशल्य आहे. पण उडी मारण्याआधी वहीत मांडा. शाम्पूची बाटली किती गाड्यांना पुरली, फडकी किती धुण्यांत निकामी झाली, जाण्यायेण्याचं भाडं किती, एका गाडीला किती वेळ गेला. आपल्या वेळेची मजुरी धरूनच दर सांगा. ती सोडली तर धंदा दिसतो नफ्यात आणि बाई राहते तोट्यात. आधी गटातल्याच चार-पाच गाड्यांवर हात बसवा. आणि काम घेताना गाडीवर आधीचे ओरखडे असतील तर ते मालकाला दाखवून ठेवा, म्हणजे नंतर वाद नको.

शेवटचं. गाडी विहिरीजवळ, हातपंपाजवळ, ओढ्यात किंवा नदीत उभी करून धुऊ नका. साबण आणि ऑइल त्या पाण्यात उतरतं आणि तेच पाणी खालच्या वस्तीतली बाई भरून नेते. शोषखड्ड्याच्या बाजूला धुवा. चाकांचं पाणी भाजीच्या वाफ्यात सोडू नका.

येत्या रविवारी घरातल्या गाडीवर करून बघा. आणि धुणाऱ्याच्या हातात पाइपाऐवजी तो एक हंडा द्या. तो हंडा विहिरीवरून त्यानंच भरून आणला तर हिशोब त्याला आपल्यापेक्षा लवकर कळेल.