सुटा भाग मिळेल का?

पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास लॅपटॉप दुरुस्तीची छोटी छोटी दुकानं आहेत. त्यांतल्या एकात कारागिराच्या शेजारी स्टुलावर बसून मी काम बघत होते. टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअर, मल्टिमीटर, डीसी सप्लाय, फ्लक्सची सिरिंज आणि आयपीएची बाटली. आयपीए म्हणजे झटकन उडून जाणारं अल्कोहोल. समोर एका पातळ लॅपटॉपचा बोर्ड. चार्जर लावला तरी काहीच हालचाल नाही.

"मेन लाइन शॉर्ट आहे," दादा म्हणाले. चार्जरकडून येणारी लाइन कुठेतरी ग्राउंडला मिळाली होती. मल्टिमीटरने एवढं कळतं; नेमकी कुठे मिळाली, ते कळत नाही. त्या एका लाइनवर मोहरीच्या दाण्याएवढे कितीतरी कॅपॅसिटर असतात आणि त्यांतला एखादा आतून शॉर्ट झाला की सगळा लॅपटॉप बंद. दादांनी सप्लायवर व्होल्टेज अगदी कमी, एकाच्या आसपास ठेवलं, लाइनला वायर टेकवली आणि बोर्डावर आयपीए ओतलं. करंट शॉर्ट झालेल्या भागातून वाहतो, म्हणून तापतोही तोच. ओल्या बोर्डावर एका जागची ओल आधी उडाली आणि कोरडा ठिपका दिसू लागला. दादांनी तिथला कॅपॅसिटर हॉट एअरने उचलला, पुन्हा मीटर लावलं. शॉर्ट गेलं होतं. चार्जर जोडल्यावर पंखा फिरला.

या कामाला इथे सगळे 'चिप लेव्हल' म्हणतात. सर्व्हिस सेंटरमध्ये अशा वेळी बहुतेकदा अख्खा बोर्ड बदलायला सांगतात आणि तो आकडा ऐकून गिऱ्हाईक नवा लॅपटॉप घ्यायला निघतं. आपल्याकडे लॅपटॉप इतकी वर्षं चालतात ते या हातांमुळे, असं मला ठामपणे वाटतं. यंत्र बनवताना दुरुस्तीचा जो विचार व्हायला हवा होता, तो इथे, या टेबलावर, नंतर केला जातो.

त्यालाही मर्यादा आहे. दुपारी एक विद्यार्थी आला. आठ जीबी रॅम पुरत नव्हती, सोळा हवी होती. मॉडेल नंबर बघूनच दादांनी नकार दिला. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली होती. चिपा उतरवून मोठ्या बसवता येतात. पण बोर्डाला नवी रॅम ओळखता यावी म्हणून काही रेझिस्टर हलवावे लागतात, कधी बायॉसमध्ये हात घालावा लागतो, आणि त्यात बोर्ड गेला तर भरून कोण देणार? लॅपटॉप नवा होता. रॅम पुढे वाढवता येणार नाही, हे विकत घेताना त्या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं.

अगदी उलट टोकाचं यंत्र माझ्या भाच्याने या टेबलावर आणलं. निरव पटेल यांनी ॲपल आणि ऑक्युलसमधल्या कामानंतर सान फ्रान्सिस्कोत फ्रेमवर्क ही कंपनी काढली. तिचा पहिला लॅपटॉप २०२१ मध्ये आला, तेव्हा भाचा अमेरिकेत शिकत होता आणि त्याने तो घेतला. आता त्याला जुना अकराव्या पिढीचा इंटेल बोर्ड काढून एएमडी रायझनचा बसवायचा होता, आणि ते दादांनी बघावं अशी माझी इच्छा होती.

तळाचे पाच स्क्रू सैल केले. ते निघून हातात येत नाहीत, आपापल्या जागी अडकून राहतात. म्हणजे हरवत नाहीत. लॅपटॉप सरळ करून कीबोर्डचा भाग पुढून उचलला, तर तो नुसत्या चुंबकांवर बसलेला. खालची केबल सोडवली की सगळं समोर. जवळजवळ प्रत्येक भागावर नाव आणि क्यूआर कोड. तो स्कॅन केला की दुरुस्तीच्या सूचना उघडतात. पेचकस लॅपटॉपच्या खोक्यातच आलेला. बॅटरीचा कनेक्टर, स्पीकर, वेबकॅम, पडद्याची केबल असं एकेक सुटत गेलं. अडलं फक्त वायफायच्या अँटेनाशी. त्यांची टोकं इतकी बारीक आहेत, की भाच्याला ती नीट बसवता येईनात. दादांनी चिमट्याने एका दमात बसवली.

नवा बोर्ड जुन्याच सांगाड्यात बसला. पडदा, कीबोर्ड, बॅटरी, एसएसडी तीच. रॅम मात्र चालली नाही. जुन्या बोर्डाला डीडीआर४ लागायची, नव्याला डीडीआर५. कडेच्या पोर्टांचे तुकडे, म्हणजे यूएसबी, एचडीएमआय वगैरे, खाचांत सरकवून बदलता येतात, पण या बोर्डावर चारही खाचा सारख्या नाहीत; एकीतून बाहेरच्या पडद्याला चित्रच जात नाही. चालू केल्यावर बराच वेळ पडदा काळा राहिला. डीडीआर५ पहिल्यांदा स्वतःला जुळवून घेते, त्याला वेळ लागतो. मग लोगो आला.

दादांनी काढलेला जुना बोर्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "फार छान केलंय," ते म्हणाले. "पण यावरचा एक कॅपॅसिटर गेला तर? बोर्डच बदलायचा?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. सुट्या भागांच्या या रचनेत बोर्ड हाच एक भाग आहे. रायझन ५ चा बोर्ड २०२३ मध्ये आला तेव्हा त्याची किंमत ४४९ डॉलर होती. तेव्हाच्या दराने सदतीस हजार रुपयांच्या घरात. भारतात कंपनी थेट विकत नाही, म्हणून पाठवणीचा आणि कस्टमचा खर्च वेगळा. कंपनीने दुरुस्तीच्या दुकानांना सर्किटचे आराखडे द्यायची तयारी दाखवली आहे, हे मी दादांना सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. इथले कारागीर अनेक लॅपटॉपचे आराखडे इकडूनतिकडून मिळवून काम करतात.

त्या बोर्डाच्या पैशांत याच परिसरात जुना थिंकपॅड टी४८० सहज मिळतो आणि पैसे उरतात. २०१८ चं ते मॉडेल. रॅमच्या दोन खाचा, एक बॅटरी आत आणि एक बाहेर. बाहेरची चालू लॅपटॉपवर बदलता येते. जाड आहे, जड आहे, तळाचं झाकण उघडताना प्लास्टिकच्या कड्या तुटतात. पण कंपन्यांनी काढून टाकलेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक पुण्याच्या बाजारात सतत येत राहतात. त्यांतल्या मेलेल्यांचे कीबोर्ड, पंखे, बिजागऱ्या जिवंतांना लागतात. फ्रेमवर्कची बिजागरी तुटली तर भाच्याला कुणीतरी अमेरिकेहून येण्याची वाट बघावी लागेल. माझ्या मते पुण्यात आज टी४८० हाच जास्त दुरुस्त होणारा लॅपटॉप आहे, जरी त्याची रचना तितकी सुंदर नसली तरी.

पातळपणासाठी रॅम सोल्डर करावी लागते, हे नेहमी ऐकू येणारं कारण मात्र पुरतं खरं नाही. फ्रेमवर्कचा तेरा इंची लॅपटॉप सोळा मिलिमीटरहून कमी जाड आहे आणि त्यात रॅमच्या दोन खाचा आहेत. खरी अडचण वेगाची आणि विजेची. एलपीडीडीआर जातीची रॅम कमी वीज खाते, पण तिला प्रोसेसरपर्यंतची वाट आखूड आणि स्वच्छ लागते. २०२५ मध्ये याच फ्रेमवर्कने एएमडीच्या रायझन एआय मॅक्सवर डेस्कटॉप काढला, तेव्हा त्यांनाही रॅम सोल्डर करावी लागली. एलपीकॅम२ नावाचा नवा प्रकार यावर उपाय ठरू शकतो. त्यात रॅमची पाटी बोर्डावर आडवी ठेवून स्क्रूने आवळतात; लेनोवोने २०२४ मध्ये थिंकपॅड पी१ मध्ये ती दिली. ती स्वस्त लॅपटॉपपर्यंत पोचेल तेव्हा त्या विद्यार्थ्यासारख्यांना खरा उपयोग होईल.

भारत सरकारच्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाचा, म्हणजे यंत्र दुरुस्त करणं किती सोपं याला गुण देण्याचा, अहवाल दिला. त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून करायला सांगितली आहे. लॅपटॉप त्यात लवकर यायला हवेत, आणि गुण देताना स्क्रू किती सोपे आहेत एवढंच न बघता सुटा भाग देशात किती दिवसांत आणि केवढ्याला मिळतो, हेही मोजायला हवं. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना असा निर्देशांक दाखवावा लागतो आणि सुट्या भागांच्या किमतीला त्यात वेगळे गुण आहेत. आठ जीबीवाल्या त्या मुलाला दुकानात खोक्यावर असा आकडा दिसला असता, तर त्याने दुसरं मॉडेल मागितलं असतं.