वडीलधाऱ्यांना न विचारता

लेखमाला : तरुणांचं इंटरनॅशनल (लेखांक ३)

३ सप्टेंबर १९१४ रोजी पूर्व फ्रान्समध्ये, लुनेव्हिलच्या परिसरात, जर्मन सैन्यातला चाळीस वर्षांचा एक शिपाई ठार झाला. युद्ध सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. हा शिपाई मानहाइमचा वकील होता, समाजवादी पक्षातर्फे निवडून आलेला राइशस्टागचा, म्हणजे जर्मन संसदेचा, सभासद होता, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दहाच वर्षांपूर्वी दक्षिण जर्मनीतल्या तरुण कामगारांची संघटना त्याने उभी केली होती. लुडविग फ्रांक त्याचं नाव. त्याच्यावर भरतीची सक्ती झाली नव्हती. तो आपणहून गेला होता.

फ्रांक ढोंगी नव्हता. आपण लढलो तर कामगारांना देशात मानाचं स्थान मिळेल, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण ज्या पोरांना त्याने बराकीपासून सावध राहायला शिकवलं, त्यांनी त्याच्या जाण्याचा अर्थ काय लावायचा? हा प्रश्न त्या शरद ऋतूत युरोपभरच्या समाजवादी तरुणांसमोर उभा होता, आणि त्याला त्यांनी जे उत्तर दिलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत तेजस्वी प्रकरण वाटतं.

गेल्या आठवड्यात आपण या चळवळीची दोन मुळं पाहिली. एक बेल्जियममधलं. तिथे लष्करभरती चिठ्ठ्या टाकून व्हायची, आणि नाव निघालेला श्रीमंताचा मुलगा पैसे मोजून आपल्या जागी गरिबाचा मुलगा पाठवू शकायचा. तीच गरिबांची मुलं मग संपकऱ्यांसमोर, म्हणजे कित्येकदा आपल्याच बापभावांसमोर, बंदुका घेऊन उभी केली जायची. त्या संतापातून १८८६ मध्ये तिथे ‘यंग गार्ड’ निघाली. दुसरं मूळ बर्लिनमधलं. १९०४ च्या उन्हाळ्यात एका कुलूपकाराकडे काम शिकणाऱ्या पोराने मालकाच्या छळाला कंटाळून गळफास घेतला आणि त्यातून शिकाऊ कामगारांची संघटना जन्माला आली. लष्कर आणि उमेदवारी ही दोन्ही दुखणी वयाशी बांधलेली होती. पन्नाशीच्या युनियन-पुढाऱ्याने ती कधीतरी भोगलेली असत, पण आता त्याच्या अजेंड्यावर ती फार खाली होती. वेगळी संघटना हवी, हा तरुणांचा हट्ट इथून आला.

ऑगस्ट १९०७ मध्ये श्टुटगार्टला दुसऱ्या इंटरनॅशनलचं, म्हणजे समाजवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं, अधिवेशन भरलं. आपल्याकडे ते माहीत आहे ते मादाम भिकाजी कामांमुळे. मुंबईच्या या बाईंनी हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा झेंडा तिथेच फडकावला, आणि तो झेंडा आज पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालयात जतन केलेला आहे. हे अधिवेशन आटोपता आटोपता, २४ ते २६ ऑगस्टला, त्याच शहरात आणखी एक बैठक झाली. तेरा देशांतले वीस प्रतिनिधी जमले आणि समाजवादी युवकांचं इंटरनॅशनल स्थापन झालं. अध्यक्ष जर्मनीचा कार्ल लीबक्नेश्ट, चिटणीस बेल्जियमचा हेन्‍री द मान. डच कवयित्री हेन्रिएट रोलांड होल्स्ट तरुणांच्या शिक्षणावर बोलली, लीबक्नेश्ट लष्करशाहीवर. याच विषयावरच्या त्याच्या पुस्तिकेसाठी दोन महिन्यांत त्याच्यावर लाइपझिगला राजद्रोहाचा खटला चालला आणि त्याला दीड वर्ष किल्ल्यात कैद झाली. संघटनेचा अध्यक्षच तुरुंगात गेला, याने पोरांची छाती फुगली. पक्षातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर मात्र आठ्या पडल्या.

पुढच्याच वर्षी त्यांना तरुणांना आवरायचं निमित्त मिळालं. १९०८ च्या जर्मन कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना राजकीय संघटनेत राहायला आणि राजकीय सभांना जायला बंदी केली. पक्षाने या कायद्याशी झुंज घ्यायची सोडून स्वतंत्र युवक संघटनाच मोडीत काढल्या आणि तरुणांचं काम पाहायला मोठ्यांची एक मध्यवर्ती समिती नेमली. तिचा प्रमुख फ्रीडरिश एबर्ट, म्हणजे पुढे जर्मन प्रजासत्ताकाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेला तोच. या समितीने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. सहली, वाचनालयं, व्याख्यानं तिने भरपूर चालवली, आणि तिच्या नियतकालिकाचे वर्गणीदार युद्धाआधी लाखाच्या घरात पोचले. पण निर्णय मोठ्यांचा आणि सहल पोरांची, अशी वाटणी झाली. युवक इंटरनॅशनलची कचेरी व्हिएन्नाला रॉबर्ट डानेबर्गकडे गेली. १९१० मध्ये कोपनहेगनला आणि १९१२ मध्ये बाझेलला बैठका झाल्या, ठराव झाले. पुढची बैठक ऑगस्ट १९१४ मध्ये व्हिएन्नाला ठरली होती.

ती झालीच नाही. ४ ऑगस्टला जर्मन समाजवाद्यांनी राइशस्टागमध्ये युद्धकर्जाच्या बाजूने मत दिलं. फ्रान्स, ऑस्ट्रिया, बेल्जियम सगळीकडे समाजवादी पक्ष आपापल्या सरकारच्या युद्धामागे उभे राहिले. डानेबर्गच्या मते युद्ध संपेपर्यंत काही करण्यासारखं नव्हतं. लीबक्नेश्टने डिसेंबरमध्ये दुसऱ्या मतदानाच्या वेळी एकट्याने विरोधात मत टाकलं, पण ऑगस्टमध्ये पक्षशिस्तीपायी तोही गप्प राहिला होता.

आता विली म्युन्झेनबर्गची ओळख करून घ्यायला हवी. १८८९ मध्ये जन्मलेला हा मुलगा एर्फुर्टच्या बुटांच्या कारखान्यात वाढला, कामाच्या शोधात १९१० मध्ये झुरिकला आला आणि एका औषधाच्या दुकानात नोकरीला लागला. दिवसा बाटल्या, संध्याकाळी सभा. शिक्षण तुटपुंजं, पण माणसं जमवण्याची आणि पैसा उभा करण्याची त्याची हातोटी विलक्षण होती. युद्ध सुरू झालं तेव्हा तो स्विस समाजवादी युवक संघटनेचा चिटणीस होता, वय पंचवीस. तटस्थ देशात बसल्यामुळे सगळीकडून येणारी पत्रं त्याच्याकडे पोचत होती, आणि मोठ्यांनी गाशा गुंडाळलेला त्याला दिसत होता. व्हिएन्नाहून परवानगी येण्याची त्याने वाट पाहिली नाही. इटली आणि स्कँडिनेव्हियातल्या युवक संघटनांच्या साथीने त्याने सरळ बैठकीची निमंत्रणं धाडली.

४ एप्रिल १९१५ ला, ईस्टरच्या सुटीत, बर्नच्या लोकसदनात डझन-दीड डझन प्रतिनिधी जमले. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या अधिकृत संघटनांनी पाठ फिरवली होती, फ्रान्समधून कोणी आलं नाही. जर्मनीतून आले ते पक्षाचा आदेश झुगारून आलेले. युद्धाच्या दोन बाजूंची तरुण माणसं एका टेबलाशी बसली होती, आणि यात नुसती भावुकता नव्हती. परत गेल्यावर यातल्या काहींना खंदकात उभं राहावं लागण्याची शक्यता होती. लेनिनच्या रशियन पक्षाच्या, म्हणजे बोल्शेविकांच्या, वतीने इनेसा आर्मांड आली होती, भाषांतराचं काम अँजेलिका बालाबानोफने पेललं. वाद झडले. बोल्शेविकांना जुन्या पक्षांशी उघड फारकत हवी होती. मतदानाच्या पद्धतीवरून आणि ठरावाच्या शब्दांवरून त्यांनी सभात्यागही केला आणि मग परत आले. शेवटी युद्धाला विरोध करणारा आणि निःशस्त्रीकरण मागणारा ठराव झाला, कचेरी झुरिकला हलली, आणि दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय युवक दिन पाळायचं ठरलं.

तारखांकडे जरा पाहा. मोठ्या समाजवाद्यांची युद्धविरोधी परिषद झिमरवाल्ड गावात भरली ती सप्टेंबर १९१५ मध्ये. बर्नलाच झालेली समाजवादी स्त्रियांची बैठक मार्चमधली, क्लारा झेटकिनने बोलावलेली. म्हणजे युरोपचे कामगार पक्ष तोफांच्या आवाजात मुके झाले असताना पहिल्यांदा स्त्रिया बोलल्या आणि आठवड्याभरात तरुण बोलले. ज्यांना मताचा अधिकार नव्हता, तेच हे दोन गट. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. सत्तेच्या वाटपात ज्यांना जागा नव्हती, त्यांच्याकडे गमावण्यासारखी जागाही नव्हती.

१ सप्टेंबर १९१५ ला झुरिकहून ‘युगेंड-इंटरनात्सिओनाले’ हे नियतकालिक सुरू झालं. लीबक्नेश्ट, ट्रॉट्स्की, कोलोन्ताय, लेनिन या सगळ्यांनी त्यात लिहिलं. अंक चोरून जर्मनीत जात. ३ ऑक्टोबरला पहिला युवक दिन कित्येक देशांत पाळला गेला. १९१६ च्या ईस्टरला जर्मनीतल्या विरोधी तरुणांनी येना शहरात एका शाकाहारी उपाहारगृहात गुप्त बैठक घेतली. लीबक्नेश्ट तिथे हजर होता. आठवड्याभराने, १ मे रोजी, बर्लिनच्या पोट्सडाम चौकात त्याने युद्धाचा आणि सरकारचा धिक्कार केला आणि पोलिसांनी त्याला उचललं. त्याच्या भोवती जमलेल्यांत तरुण कामगार मोठ्या संख्येने होते.

याच दिवसांत ब्राउनश्वाइगला जे घडलं ते मला त्याहून बोलकं वाटतं. बापमाणसं आघाडीवर गेल्यामुळे कारखाने पोरांवर चालले होते आणि त्यांच्या हाती कधी नव्हे तो पैसा खुळखुळत होता. लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूम काढला की, ठरावीक रकमेपलीकडची तरुणांची मजुरी हातात न देता सक्तीने बचत खात्यात टाकावी. पोरांना उधळेपणापासून वाचवायचं हे कारण सांगितलं गेलं. पण युद्धकाळात बाप नसलेल्या घरात ती मजुरी म्हणजे आई आणि धाकट्या भावंडांचं अन्न होतं. तरुण कामगार संपावर गेले, मोर्चे निघाले, आणि काही दिवसांतच लष्कराला हुकूम मागे घ्यावा लागला. ऐन युद्धात, लष्करी अंमलाखाली, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी सेनाधिकाऱ्यांना माघार घ्यायला लावली.

लेनिनला या चळवळीचं महत्त्व लवकर कळलं. तरुणांची निःशस्त्रीकरणाची मागणी त्याला पूर्ण चुकीची वाटत होती. शस्त्र टाकून न देता ते चालवायला शिकून मालकवर्गाविरुद्ध वळवा, असं तो सांगत होता. तरीही डिसेंबर १९१६ च्या एका लेखात त्याने ठामपणे मांडलं की, युवक संघटनांना संपूर्ण स्वातंत्र्य हवं, आणि त्यांच्या चुका दाखवताना त्यांची खुशामत करू नये, पण त्यांना दाबूही नये. जानेवारी १९१७ मध्ये झुरिकच्या तरुण कामगारांपुढे १९०५ च्या क्रांतीवर बोलताना त्याने येणाऱ्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आमच्यासारख्या जुन्या माणसांना कदाचित पाहायला मिळणार नाहीत, अशी शंका व्यक्त केली. दोन महिन्यांत रशियात झार कोसळला.

त्या क्रांतीने या चळवळीला बळ दिलं आणि नवा पालकही दिला. नोव्हेंबर १९१९ मध्ये, पोलिसांची नजर चुकवत, बर्लिनमध्ये जमलेल्या प्रतिनिधींनी युवक इंटरनॅशनलचं रूपांतर कम्युनिस्ट युवक इंटरनॅशनलमध्ये केलं. लीबक्नेश्टचा जानेवारीतच खून झाला होता. रशियाच्या कम्युनिस्ट युवक संघटनेकडून, म्हणजे कोमसोमोलकडून, आलेला लाझार शात्स्किन अवघा सतरा वर्षांचा होता, आणि पक्षापुढे युवक संघटनेने दुय्यम राहावं हा आग्रह नेमका त्याचा होता. म्युन्झेनबर्ग आणि पश्चिमेकडचे इतर स्वायत्ततेला चिकटून राहिले. पक्ष दगा देऊ शकतो, हे त्यांनी १९१४ मध्ये अनुभवलं होतं. शात्स्किनचा अनुभव नेमका उलटा, त्याच्या पक्षाने क्रांती करून दाखवली होती. दोघेही आपापल्या अनुभवाशी प्रामाणिक होते, म्हणूनच तो वाद आजही वाचावासा वाटतो. तडजोड झाली, कचेरी बर्लिनमध्येच राहिली.

तडजोड दीड वर्ष टिकली. एप्रिल १९२१ मध्ये दुसरं अधिवेशन येनाला सुरू झालं, पोलिसांमुळे बर्लिनला हलवावं लागलं, आणि तेवढ्यात मॉस्कोहून निरोप आला की हे थांबवा, अधिवेशन उन्हाळ्यात मॉस्कोत होईल. ते जुलैमध्ये तिथे झालं. कचेरी मॉस्कोला गेली, युवक संघटना आपापल्या देशातल्या कम्युनिस्ट पक्षांच्या राजकीय आज्ञेत आल्या. म्युन्झेनबर्ग बाजूला झाला आणि रशियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी मदत गोळा करण्याच्या कामाला लागला. १९२७ मध्ये ब्रसेल्सला नेहरू ज्या साम्राज्यशाहीविरोधी परिषदेला गेले, ती उभी करणारा हाच. पुढे स्टालिनशी त्याचं बिनसलं, आणि १९४० च्या ऑक्टोबरमध्ये आग्नेय फ्रान्समधल्या एका जंगलात त्याचं प्रेत सापडलं. शात्स्किनला जानेवारी १९३७ मध्ये त्याच्याच राज्याने गोळी घातली.

१९०८ चा एबर्ट आणि १९२१ चं मॉस्को यांना एका मापाने मोजू नये, असं माझे काही डावे मित्र म्हणतात. उद्दिष्टं वेगळी होती, हे मला मान्य आहे. पण दोन्ही वेळा युक्तिवाद एकच होता की तरुणांनी आधी शिकावं आणि निर्णय जाणत्यांवर सोडावा. बर्न, येना, ब्राउनश्वाइग ही तिन्ही कामं मधल्या काळात झाली, जेव्हा त्यांना असं सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

मॉस्कोला जायला ज्यांनी नकार दिला, त्या समाजवादी तरुणांनी १९२३ मध्ये हॅम्बर्गला आपलं वेगळं इंटरनॅशनल काढलं. नाझींनी त्यांच्या संघटनांचं काय केलं, आणि १९४५ मध्ये लंडनला जागतिक लोकशाही युवक महासंघ कसा उभा राहिला, ते पुढच्या आठवड्यात पाहू.