टॉर्क रेंच: महागडा घ्यावा की स्वस्त चालेल?

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे नट आवळताना पान्याला पाइप लावायचा आणि त्यावर उभे राहायचे, ही पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. हिशेब केला तर ७० किलो वजनाचा माणूस नटापासून ६० सेंमी अंतरावर उभा राहिला की बोल्टवर ४२ किलोग्रॅम मीटर, म्हणजे सुमारे ४१२ न्यूटन मीटर पीळ पडतो. १६ मिमीच्या ८.८ दर्जाच्या बोल्टला साधारण २०० न्यूटन मीटर पुरेसे असतात. दुप्पट पीळ बसल्यावर बोल्ट ताणला जातो, आटे जातात किंवा पुढे भरल्या ट्रॉलीखाली बोल्ट तुटतो. उलट नट कमी आवळला तर चाक डिस्कवर हलते, भोके लांबट होतात आणि मग नवा नट टाकूनही ते चाक घट्ट बसत नाही. हे टाळण्यासाठी टॉर्क रेंच लागतो. प्रश्न एवढाच, की दोन हजारांच्या आसपास मिळणारा घ्यायचा की दहा हजारांच्या पुढचा?

आधी बोल्टच्या बाजूने विचार करा. आपण लावलेल्या पिळापैकी सुमारे ९० टक्के पीळ घर्षणात जातो. त्यातला निम्म्याहून अधिक डोक्याखाली किंवा नटाखाली आणि बाकीचा आट्यांमध्ये खर्च होतो. बोल्ट ताणून दोन भाग एकमेकांवर दाबून धरण्याचे खरे काम उरलेले जेमतेम १० टक्के करतात. त्यामुळे गंजलेला, मातीने भरलेला बोल्ट आणि तोच बोल्ट साफ करून तेल लावलेला, यांना रेंचवर एकच आकडा लावला तरी प्रत्यक्ष पकड फार वेगळी येते. रेंच कितीही अचूक असला तरी पकडीत २५ ते ३० टक्क्यांचा फरक पडू शकतो. मग चार टक्के अचूकतेसाठी जास्त पैसे मोजून आटे तसेच घाण ठेवणे म्हणजे महाग बियाणे घेऊन ढेकळांत पेरण्यासारखे आहे. तारेच्या ब्रशने आटे साफ करणे हे फुकटचे काम आहे, ते आधी करा. तेल लावायचे की कोरडे आवळायचे, हे मात्र ट्रॅक्टरच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवा. कोरड्या बोल्टसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला तर बोल्ट जास्त ताणला जातो.

जास्त पैसे कशाचे?

आयएसओ ६७८९ या मानकाप्रमाणे १० न्यूटन मीटरच्या वर क्षमता असलेल्या रेंचची चूक ४ टक्क्यांच्या आत असावी लागते. म्हणजे १०० वर लावला तर प्रत्यक्षात ९६ ते १०४. स्वस्त रेंचच्या डब्यावरही हाच आकडा छापलेला असतो. फरक असा, की चांगल्या रेंचसोबत त्याच क्रमांकाच्या नगाचे तपासणी प्रमाणपत्र मिळते, त्याची स्प्रिंग व कळ हजारो वेळा वापरूनही सारखी चालते आणि बिघडल्यास सुटे भाग मिळतात. स्वस्तात एखादा नग उत्तम निघतो, एखादा दहा-पंधरा टक्के चुकतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

म्हणून स्वस्त रेंच घेतला तर घरीच तपासा. चौकोनी टोक व्हाइसमध्ये असे पकडा, की रेंच आडवा राहील आणि वजन टांगल्यावर तो आवळण्याच्या दिशेने दाबला जाईल. मुठीच्या मध्यावर दोरीने शिक्का मारलेले २० किलोचे वजन हळूच सोडा. चौकोनाच्या मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर मोजा. ४० सेंमी असेल तर पीळ २० × ०.४० × ९.८१, म्हणजे ७८.५ न्यूटन मीटर झाला. रेंचचे स्वतःचे वजन त्यात एक-दोन न्यूटन मीटरची भर घालते. आता रेंच ६५ वर लावून सुरुवात करा. वजन सोडताच ‘कट्’ आवाज येईल. थोडे थोडे वाढवत प्रत्येक वेळी वजन पुन्हा सोडा. आवाज यायचा बंद होतो तो आकडा ८० च्या जवळपास असेल आणि तीन-चार वेळा तोच येत असेल, तर रेंच कामाचा आहे. दर वेळी वेगळा आकडा आला तर रेंच परत करा. कायम पाच-सहा टक्के चुकणारा रेंच हिशेब धरून वापरता येतो, दर वेळी वेगळे बोलणारा येत नाही.

काट्याचा, म्हणजे सळई वाकून पट्टीवर आकडा दाखवणारा रेंच आता मागे पडला आहे, पण माझ्या मते एकट्या ट्रॅक्टरमालकासाठी तोच चांगला. त्यात सैल पडणारी स्प्रिंग नसते. मोकळा धरल्यावर काटा शून्यावर आहे की नाही, हे डोळ्यांनी दिसते. अडचण एकच, अडगळीच्या जागी आकडा समोरून वाचता येत नाही.

कोणी कोणता घ्यावा?

चाकांचे नट, रोटाव्हेटरची पाती, नांगराचे फाळ यांपुरतेच काम असेल तर तपासून घेतलेला स्वस्त रेंच पुरतो. सिलिंडर हेड, कनेक्टिंग रॉड, फ्लायव्हील यांचे काम करणारा मेकॅनिक किंवा भाड्याने अवजारे देणारी अवजार बँक यांनी मात्र प्रमाणपत्र असलेलाच घ्यावा आणि दर वर्षी किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, जे आधी येईल तेव्हा, तपासून घ्यावा. हेड गॅस्केट एकदा गेले की त्या खर्चात रेंचच्या किमतीतला फरक निघून जातो. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, पुस्तिकेतील क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळावे लागतात. तिथे प्रत्येक बोल्टवर सारखा पीळ पडणे महत्त्वाचे असते.

क्षमता निवडताना बहुतेकांची फसगत होते. रेंच त्याच्या कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांच्या खाली भरवशाचा नसतो. २१० न्यूटन मीटरचा रेंच ८ मिमीच्या बोल्टला लागणाऱ्या २५ न्यूटन मीटरसाठी वापरू नका. त्यासाठी लहान रेंच वेगळा लागतो.

वापरताना मुठीच्या मध्यावर धरून सावकाश ओढा, ‘कट्’ झाले की थांबा. पुन्हा एकदा खात्रीसाठी ओढले की जादा पीळ बसतो. या रेंचने नट सोडवू नका, त्याला पाइप लावू नका. काम झाल्यावर स्प्रिंगचा रेंच पट्टीवरील सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याखाली सैल करू नका.

आणि आवळण्याआधी एकक बघा. जुन्या पुस्तिकांत आकडे किलोग्रॅम मीटरमध्ये असतात आणि रेंचवर बहुधा न्यूटन मीटर व फूट-पौंड अशा दोन पट्ट्या असतात. १० किलोग्रॅम मीटर म्हणजे ९८ न्यूटन मीटर, तर १०० फूट-पौंड म्हणजे सुमारे १३६ न्यूटन मीटर. चुकीची पट्टी वाचली तर महागडा रेंचही बोल्ट तोडतो.