पिवळी पडलेली काकडी खावी का?

पावसाळ्यात काकडीच्या मांडवाखाली रोज तोडणी चालू असते, तरी एखादी काकडी पानांआड लपून राहतेच. महिन्याभराने ती नजरेस पडते, तेव्हा ती मनगटाहून जाड आणि पिवळी झालेली असते. बाजारातून आणून टोपलीच्या तळाशी विसरलेली काकडीही काही दिवसांनी पिवळी पडते. अशी काकडी खावी की टाकून द्यावी? पुष्कळ लोक रंगाकडे पाहूनच निर्णय देतात. परंतु काकडीच्या बाबतीत रंग हा फारसा विश्वासू साक्षीदार नाही.

आपल्या भाषेत काकडीसाठी जून, पिकलेली, सुकलेली, नासलेली आणि कडू असे निरनिराळे शब्द आहेत. हे शब्द वेगळे आहेत, कारण त्यांमागची कारणेही वेगळी आहेत. ती कारणे समजली, की कोणती काकडी खावी आणि कोणती टाकावी हे ठरवणे अवघड जात नाही.

आपण कच्चे फळ खातो

आंबा, केळे, पेरू ही फळे आपण पिकल्यावर खातो. काकडी मात्र कच्चीच खातो. फूल फळल्यावर साधारणपणे ८ ते १२ दिवसांत ती तोडतात. त्या वेळी तिच्यात सुमारे ९५ टक्के पाणी असते आणि बिया कोवळ्या असतात. म्हणून ती चावताना कुरकुरीत लागते.

पण वेल फळ धरते ते आपल्या कोशिंबिरीसाठी नव्हे, तर बी तयार करण्यासाठी. बी पूर्ण तयार व्हायला ५ ते ६ आठवडे लागतात. या काळात सालीतील हरितद्रव्य नाहीसे होत जाते आणि त्याखाली झाकलेला पिवळा रंग दिसू लागतो. साल जाड होते, बियांचे कवच टणक बनते, गर भरड होतो आणि बियांभोवतीचा बुळबुळीत भाग आंबूस लागतो. हे सारे बदल वेलीने स्वतः घडवलेले असतात. त्यांत विषारी असे काही नाही. वेलीवर पिकलेली काकडी म्हणजे बिघडलेली काकडी नव्हे. तिचे काम पूर्ण झाले आहे, एवढेच.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या गृहिणींना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिथे मोठ्या जून काकडीला तवसे म्हणतात. ते किसून त्यात तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून धोंडस किंवा तवसळी करतात. आंध्र प्रदेशात व तेलंगणात पिवळी, गोलसर दोसकाय वरणात आणि लोणच्यात घालतात. पिकलेली काकडी कच्ची खायला रुचकर लागत नाही, म्हणून तिची साल आणि बिया काढून गर शिजवावा. तिची जाड साल पाणी लवकर उडू देत नाही आणि जंतूंनाही सहजी आत शिरू देत नाही. त्यामुळे अखंड तवसे कोरड्या, हवेशीर जागी पुष्कळ दिवस टिकते.

टोपलीतली पिवळी काकडी

कोवळी तोडलेली काकडी घरात पिवळी पडते, तेव्हा मात्र ती खऱ्या अर्थाने पिकत नाही. वेलीशी संबंध तुटल्यामुळे तिला अन्न मिळत नाही आणि बियाही पूर्ण तयार होत नाहीत. ती नुसती म्हातारी होते. शेजारी पिकलेली केळी किंवा आंबे असतील, तर हे अधिकच लवकर घडते. ही फळे एथिलीन नावाचा वायू बाहेर टाकतात आणि काकडीचे हरितद्रव्य त्याने झपाट्याने नाहीसे होते. अशी काकडी घट्ट असेल, तर खायला हरकत नाही. चव तेवढी थोडी फिकी लागेल.

सुरकुतलेल्या काकडीची गोष्ट आणखी सोपी आहे. तिच्या पेशींतील पाणी उडून गेलेले असते. तिच्या चकत्या अर्धा तास थंड पाण्यात ठेवल्या, तर पेशी पाणी शोषून पुन्हा फुगतात आणि कुरकुरीतपणा बराचसा परत येतो.

फ्रिजमध्ये काकडी कितीही दिवस टिकेल, असे मात्र समजू नका. ती उष्ण हवेतली वेल आहे. १० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात फार दिवस राहिल्यास तिच्या पेशींना इजा होते, सालीवर पाणचट डाग व खळगे पडतात आणि तिथून जंतू आत शिरतात.

कुजणे हे दुसऱ्याचे काम

पिकणे हे वेलीचे काम, तर कुजणे हे जीवाणूंचे आणि बुरशीचे. हे सूक्ष्मजीव पेशींना एकत्र धरून ठेवणारी द्रव्ये विरघळवतात. त्यामुळे काकडी लिबलिबीत होते, सालीवर चिकट बुळबुळीत थर येतो, पाणी सुटते आणि आंबट-कुबट वास येतो. अशी काकडी रंगाने हिरवीगार असली तरी टाकून द्यावी. बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग कापून उरलेली खाऊ नये. काकडीसारख्या पाणीदार फळात बुरशीचे तंतू डोळ्यांना न दिसता दूरवर गेलेले असू शकतात.

रोग पसरवणारे काही जंतू तर वास किंवा रंग न बदलताही काकडीवर असू शकतात. अमेरिकेत २०१५ साली काकड्यांवरून पसरलेल्या साल्मोनेला जंतूंमुळे ९०७ माणसे आजारी पडली आणि ६ जण दगावले. म्हणून ताजी दिसणारी काकडीसुद्धा कापण्याआधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावी. कापलेली काकडी फार वेळ उघडी ठेवू नये.

कडू काकडी : डोळ्यांना न दिसणारा धोका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काकडीच्या कुळातील वनस्पती कुकर्बिटॅसिन नावाची अतिशय कडू द्रव्ये तयार करतात. किडी आणि जनावरे यांपासून बचाव करण्याचे हे त्यांचे हत्यार आहे. हिमालयाच्या पायथ्याशी उगवणाऱ्या रानकाकडीत ती भरपूर असतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कमी कडू वेलींचे बी राखून ठेवले, आणि त्यातून आजची काकडी तयार झाली. तरीही कडक ऊन आणि पाण्याचा ताण पडला, की एखाद्या फळात हा जुना गुण डोके वर काढतो.

हा कडूपणा साधा समजू नये. २०१० साली दिल्लीत कडू दुधी भोपळ्याचा रस प्यायल्यानंतर एका गृहस्थांचा मृत्यू झाला. दुधी हा काकडीच्याच कुळातला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. रस कडू लागला तर तो मुळीच पिऊ नये, असा स्पष्ट सल्ला या समितीने दिला. या द्रव्यांमुळे पोटदुखी, उलट्या आणि जुलाब होतात. प्रमाण जास्त असल्यास रक्ताच्या उलट्या होऊन रक्तदाबही घसरतो. शिजवल्याने ही द्रव्ये नष्ट होतात, असा भरवसा धरता येत नाही. साखर किंवा मीठ घालून कडूपणा झाकणे हे तर धोक्याची घंटा कापडात गुंडाळून ठेवण्यासारखे आहे.

मग कारले कसे चालते, असे तुम्ही विचाराल. कारल्याला कडू चव देणारी द्रव्ये वेगळी आहेत. कडूपणा हा कारल्याचा स्वभाव आहे; काकडीत आणि दुधीत तो इशारा असतो.

काकडीचे टोक कापून घासण्याची आपल्याकडे पद्धत आहे. काकडीत कडूपणा देठाकडे आणि सालीलगत अधिक असतो. त्यामुळे देठाकडचा तुकडा कापून टाकण्याने फायदा होतो. परंतु फेस निघाला म्हणजे कडूपणा गेला, असे मानू नका. चाखून पाहणे हाच खरा उपाय.

चार कसोट्या

काकडी हाती आली, की पुढील क्रमाने तपासा.

१. पाहा. बुरशी, पाणचट डाग, चिकट थर यांपैकी काही असल्यास ती टाका. नुसता पिवळा रंग हा दोष नव्हे.

२. दाबा. घट्ट असेल तर उत्तम. थोडी मऊ व सुरकुतलेली असेल तरी चालेल. बोट आत रुतले, तर टाका.

३. हुंगा. कापल्यावर आंबट-कुबट वास आला, तर टाका.

४. चाखा. पहिल्या तीन कसोट्यांत उतरलेल्या काकडीचा देठाकडचा तुकडा कापून टाका आणि उरलेल्या भागाची लहानशी चकती जिभेवर ठेवा. कडू लागल्यास थुंकून टाका, चूळ भरा आणि ती संपूर्ण काकडी फेकून द्या.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. सारख्या आकाराच्या तीन ताज्या काकड्या घ्या. एक मेजावर ठेवा, दुसरी फ्रिजमध्ये आणि तिसरी पिकलेल्या केळ्यासह कागदी पिशवीत. दहा दिवस रोज तिन्हींचे वजन, रंग आणि घट्टपणा वहीत लिहून ठेवा. सर्वांत आधी पिवळी कोणती पडली? मऊ कोणती झाली? वजन कोणाचे जास्त घटले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच काकडी आहे का, हे नोंदींवरून ठरवा. प्रयोगातल्या काकड्या मात्र खाऊ नका. त्या खताच्या खड्ड्यात टाका.