नावेच्या डेकवरील जुना फोम

नागपुरातल्या महाल या भागाला लागून असलेला, गोंड राजा चांदसुलतान याच्या अमदानीतला आणि जुम्मा वा शुक्रवारी तलाव या नावांनीही परिचित असलेला गांधीसागर पाहिला, की समुद्रापासून इतक्या दूरच्या नागपुरालाही नौकाविहाराचे अप्रूप आहे हे ध्यानी येते. आणि पाणी गोडे असो वा खारे, पाय घसरू नये म्हणून फायबरच्या डेकवर चिकटवलेला फोम वैशाखातल्या उन्हापुढे फार काळ टिकत नाही, हे ओघानेच आले. अतिनील किरणांनी जीर्ण झालेला थर चिमटीत चुरगळतो, कडा उचलल्या जातात, खाली शिरलेले पाणी कुबट वास सोडू लागते.

अशा वेळी लोखंडी पटाशी घेऊन तुटून पडणे हा निव्वळ अविचार होय. हीट गनची झळ एका जागी न रेंगाळवता वीतभर पट्ट्यावर फिरवावी, गोंद मऊ पडताच प्लास्टिकची पट्टी कडेखाली सरकवावी, आणि फोम वर न खेचता मागे दुमडीत सावकाश ओढावा. फोम निघतो, गोंद मात्र, इनाम खालसा झालेल्या इनामदाराप्रमाणे, कब्जा सोडीत नाही. त्यासाठी हीट गन सर्वस्वी बाजूला ठेवून, कारण द्रावकाची वाफ ज्वालाग्राही असते, मोकळ्या हवेत टर्पेंटाईनची चिंधी काही मिनिटे त्यावर ठेवावी, खरवडावे, साबणाच्या पाण्याने धुवावे. अ‍ॅसिटोन अधिक जलद खरे, पण ते रंगालाही विरघळवते. सबब कोपऱ्यात चाचणी घेतल्यावाचून वापरू नये. इतके करूनही जुन्या फोमची आकृती डेकवर दिसतेच, कारण भोवतालचा भाग उन्हाने विटलेला असतो. त्यावर पॉलिशचा हात फिरवावा, नाहीतर नवा फोम त्याच मापाने कापावा.